न्हाणीघरातील बाष्पक

गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस मध्य प्रदेशातील बालाघाट येथे चार दिवस मुक्काम करावा लागला. ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो, ते खाणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ. थंडी अशी की पहाटे पारा दहा अंशांखाली उतरलेला, आणि समुद्रकाठच्या उबदार हवेत वाढलेल्या आमच्यासारख्या माणसास गरम पाण्यावाचून अंघोळीचा विचारही सुचू नये. यजमानांनी आमची अडचण ओळखून भल्या पहाटेच गिझर लावून ठेवला होता. आम्ही न्हाणीघरात शिरलो, तो भिंतीवरच्या त्या टाकीतून एक चमत्कारिक गुरगुर ऐकू आली. तोटी सोडली, तर आधी पाणी आलेच नाही. वाफेचे फुत्कार आले आणि मागोमाग उकळते पाणी उसळले. आम्ही हात आखडता घेतला, बाहेर येऊन बटण बंद केले आणि घरातील मंडळींना त्या खोलीपासून दूर राहावयास सांगितले.

दुपारी टाकी थंड झाल्यावर एका जाणत्या वायरमनने ती उघडून पाहिली. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचताच वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटून बसला होता. त्याच्या मदतीला असणारा कट-आउट 'सारखा बंद पडतो' म्हणून कोणी तरी पूर्वीच काढून टाकला होता आणि दोन तारा परस्पर जोडल्या होत्या. उरली होती ती टाकीच्या तळाशी थंड पाण्याच्या नळीवर बसविलेली छोटीशी पितळी सुरक्षा-झडप, म्हणजे ज्याला बाजारात सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात ती. तिच्या तोंडात चांगला घट्ट आटे लावून डट्ट्या ठोकलेला! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दोन महिन्यांपूर्वी त्या झडपेतून पाणी ठिबकू लागले, भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. म्हणून प्लंबरला बोलावले आणि त्याने पाच मिनिटांत 'गळती' बंद करून दिली. घरातील सर्वांना समाधान वाटले. त्या दिवसापासून ते सारे कुटुंब एका कोंडलेल्या बाष्पकाखाली अंघोळ करीत होते.

बालाघाट म्हणजे कोठे दूर परमुलूख, असे आमच्या वाचकांनी समजू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. आजही गोंदिया त्याच्या उंबरठ्यावर आहे आणि मराठी बोलणारी घरे तेथे पुष्कळ आहेत. भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे ही या जिल्ह्याची दोन मोठी खनिजे. ज्या गोमंतकाने दोन-तीन पिढ्या खाणींचे सुखदुःख पाहिले, त्यास तो मुलूख अनोळखी वाटण्याचे कारण नाही. परंतु या घटनेची नोंद घ्यावयाची ती आणखी एका कारणासाठी. जे बालाघाटच्या एका घरात घडले, ते म्हापशाच्या, मडगावच्या, फोंड्याच्या किती घरांत आज या क्षणी घडत असेल याची मोजदाद कोणीच केलेली नाही. परत आल्यावर आम्ही आमच्याच ओळखीच्या काही घरांतील गिझर सहज डोकावून पाहिले. एका घरी ती झडपच नव्हती. दुसऱ्या घरी होती, पण तिच्या तोंडावर लांबी थापलेली होती. तिसऱ्या घरच्या मालकांना अशी काही वस्तू असते हेच ठाऊक नव्हते.

म्हणून प्रथम तो थेंब म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. पाणी तापले की फुगते. हा नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केला आणि परीक्षेबरोबर विसरलो. वीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत तापविले तर त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. घरोघरी असते त्या पंचवीस लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास भरते. म्हणजे चहाचे तीन-चार कप. एवढ्याशा पाण्याचे काय ते कौतुक, असे कोणी म्हणेल. पण पाणी हवेसारखे दाबले जात नाही. त्याला जागा हवी म्हणजे हवीच. पूर्वी गच्चीवरच्या टाकीतून उतरलेली नळी थेट गिझरला जोडलेली असे, तेव्हा हे फुगलेले पाणी मुकाट्याने त्याच नळीतून माघारी वर जाई. आता नळांना जोर हवा म्हणून आपण दाबाचे पंप बसवितो, उंच इमारती बांधतो, पाणी मागे जाऊ नये म्हणून एकमार्गी झडपा लावतो. माघारी जाण्याची वाट अशी बंद झाली, की फुगलेल्या पाण्याला बाहेर पडावयास एकच दार उरते आणि ते दार म्हणजे ही सुरक्षा-झडप. तेव्हा पाणी तापत असताना तिच्यातून ठिबकणारा थेंब हा बिघाड नव्हे. झडप जिवंत आहे आणि आपले काम चोख करीत आहे, याची ती पावती आहे. ज्याला आपण गळती म्हणतो, तो वास्तविक पहारेकऱ्याचा खाकरा आहे. आणि पहारेकरी खाकरतो म्हणून त्याचे तोंड बांधावयाचे, असा हा आपला न्याय!

गिझरच्या रक्षणासाठी एकामागे एक असे तीन पहारेकरी नेमलेले असतात. पहिला थर्मोस्टॅट. पाणी हवे तितके तापले की तो वीज तोडतो. तो चुकला तर दुसरा कट-आउट. पाणी उकळीच्या वाटेला लागण्यापूर्वी तो वीज कायमची तोडतो आणि माणसाने मुद्दाम हात लावल्याखेरीज पुन्हा जोडू देत नाही. हे दोघेही विजेचे नोकर. त्यांचे संपर्क जळतात, चिकटतात, गंजतात. म्हणून तिसरा पहारेकरी विजेवर विसंबणारा नसतो. तो केवळ एक स्प्रिंग आणि एक चकती यांचा बनलेला असतो. टाकीतील दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की पाण्याचाच रेटा स्प्रिंगला मागे ढकलतो आणि वाट मोकळी होते. वीज असो वा नसो, घरात कोणी असो वा नसो, तो आपले कर्तव्य करतो. अट एकच: त्याचे तोंड मोकळे असले पाहिजे.

तिघेही निकामी झाले तर काय होते, याचा साधा हिशोब मांडून पाहू. दोन हजार वॉटचा गिझर पंचवीस लिटर पाणी वीस अंशांपासून साठ अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात नेतो. तेथे तो थांबला नाही आणि दाबाला बाहेर पडण्यास कोठेच फट मिळाली नाही, तर पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, कारण दाब वाढला की उकळीचे तापमानही वाढते. सहा बार दाबाखाली ते एकशे पासष्ट अंशांच्या आसपास जाईपर्यंत पाणीच राहते, आणि तेथवर पोहोचण्यास त्याला दोन-सव्वादोन तास पुरतात. सकाळी गिझर लावून बाजारास जाणाऱ्या घराला दोन तास म्हणजे काहीच नव्हे. या स्थितीत टाकीचा एखादा सांधा उसवला, तर दाब एकदम नाहीसा होतो आणि त्या अतितप्त पाण्याचा सुमारे आठवा हिस्सा एका क्षणात वाफ होऊन पसरतो. पंचवीस लिटरच्या टाकीतून अशी चार हजार लिटरांहून अधिक वाफ निघते. आपल्या लहानशा न्हाणीघराचा बहुतेक भाग तिनेच भरून जावा! टाकीवर पडणारा जोरही पाहण्याजोगा आहे. अनेक गिझरांवर आठ बार हा आकडा छापलेला असतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या झाकणावर आठ बार दाब म्हणजे साडेपाच टनांहून अधिक भार होतो. भरलेला ट्रक एखाद्या ताटाएवढ्या पत्र्यावर उभा करण्यासारखेच हे आहे.

येथे कोणी भयभीत होऊ नये. असा स्फोट रोज होत नाही. बहुधा त्याआधी एखादी जोडनळी सुटते, टाकी पाझरू लागते किंवा तापक जळून जातो आणि संकट थोडक्यात निभावते. परंतु वारंवार निभावले म्हणून धोका नाहीसा होत नाही. तो केवळ नजरेआड होतो, आणि नजरेआड झालेला धोका हाच सर्वांत वाईट. १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात स्पेन्सर येथील स्टार एलिमेंटरी स्कूल या शाळेत पाणी तापविण्याची टाकी फुटली. मुले जेवणास बसलेली होती. सहा मुले आणि एक शिक्षिका असे सात जीव गेले आणि कितीतरी मुले जखमी झाली. तेथे कोणी दारूगोळा ठेवला नव्हता. स्वयंपाकघरातील भांडी धुण्यासाठी लागणारे गरम पाणी, एवढेच काय ते त्या टाकीत होते. यंत्रविद्येत जगापुढे असलेल्या देशात जे घडले, ते आपल्याकडे घडणार नाही, असे मानण्यास आधार काय?

आमच्या जुन्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिचे पाणी उघड्यावर तापत असे. गोमंतकातील न्हाणीत चुलीवर बसविलेली तांब्याची भाण, खाली जळणारी नारळाची सोडणे आणि चुडते, घाटावरच्या घरांतला निखाऱ्यांचा बंब, यांपैकी कशालाच झडप नव्हती, कारण कशालाच घट्ट झाकण नव्हते. भाणीवरचे झाकण वाफेने थडथडे, बंबाचे पाणी उतू जाई आणि आजीबाई आतून ओरडत, 'अरे, पाणी उकळलं, जाळ ओढा!' झाकणाचा आवाज आणि आजीबाईंचा कान, हीच तेव्हाची सुरक्षा-झडप होती. धुराने डोळे चुरचुरत, लाकडे जळत, बाईमाणसांचे हाल होत. त्या दिवसांकडे परत जावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गिझरने न्हाणीघरातला धूर घालविला हे त्याचे उपकारच होत. परंतु भाणीकडून गिझरकडे येताना आपण उघड्या भांड्याकडून बंद भांड्याकडे आलो, हा फरक मात्र आपल्या ध्यानी आला नाही. बंद भांड्याचे शास्त्र निराळे आणि त्याची शिस्तही निराळी.

आश्चर्य असे की, स्वयंपाकघरात हीच शिस्त आमच्या गृहिणींनी केव्हाच आत्मसात केली आहे. प्रेशर कुकर घरात आला तेव्हा सुरुवातीस त्याची भीती होती. आज शाळकरी मुलीलाही ठाऊक असते की शिटीचे भोक स्वच्छ हवे, झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला तर तोच आणि तसाच नवा बसवावा, त्या जागी दुसरे काही ठोकू नये. सतराव्या शतकात, १६७९ च्या सुमारास, दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये बंद भांड्यात वाफेवर अन्न शिजविण्याचा प्रयोग केला, तेव्हापासून वजन लावलेली झडप हीच अशा भांड्याची संरक्षक ठरली. बाष्पकावरील आणि कुकरवरील झडपांचे कूळ तेच. कुकरची शिटी सारखी होते म्हणून तिच्या भोकात खिळा मारणारी बाई आम्ही तरी पाहिलेली नाही. मग तोच खिळा न्हाणीघरात मारताना आपला हात का कचरत नाही? कुकर डोळ्यांपुढे असतो आणि शिटी देऊन बोलतो. गिझर डोक्याच्या वर, कोपऱ्यात असतो आणि केवळ ठिबकतो. आपण आवाजाला भितो, थेंबाला भीत नाही, एवढेच त्याचे उत्तर.

आता कायद्याकडे वळू. बाष्पकांविषयी या देशाने पूर्वी मोठी किंमत मोजून शहाणपण मिळविलेले आहे. १८६३ साली कलकत्त्यात एका बाष्पकाचा भीषण स्फोट होऊन अनेक माणसे मेली, तेव्हा दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगाल प्रांताने बाष्पकांच्या तपासणीचा कायदा केला. पुढे निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे कायदे झाले आणि त्यांतील विसंगती दूर करण्यासाठी १९२३ चा अखिल भारतीय कायदा आला. जवळजवळ शंभर वर्षे तो चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. बाष्पकाची नोंदणी, ठरावीक मुदतीने तपासणी, प्रमाणित कारागीर, अशी या कायद्याची चौकट आहे. झडप बुजवून बाष्पक चालविणाऱ्या कारखानदाराची गय त्यात होत नाही, आणि ते योग्यच आहे.

परंतु याच कायद्याच्या व्याख्येत काही अपवाद आहेत. पंचवीस लिटरांहून कमी मावणारे भांडे बाष्पक नव्हे. ज्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या खालीच तापविले जाते, तेही बाष्पक नव्हे. शिवाय बाहेर वापरण्यासाठी वाफ तयार करणे हा बाष्पकाचा हेतू, आणि गिझरचा हेतू तो नाही. हे अपवाद शहाणपणाचे आहेत. घरोघरीच्या गिझरांपुढे सरकारी निरीक्षक उभा राहावा असे कोणीच म्हणणार नाही. पण त्यांतील गर्भितार्थ विचारात घेण्यासारखा आहे. गिझर बाष्पक नाही, कारण त्यातील पाणी शंभर अंशांखाली राहते. ते शंभर अंशांखाली ठेवतो कोण? थर्मोस्टॅट आणि कट-आउट! ज्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला आणि कट-आउटच्या तारा परस्पर जोडल्या गेल्या, त्या दिवशी त्या टाकीने ही व्याख्या ओलांडली. त्यावर झडप बुजविली असेल तर मग तिच्यात आणि कारखान्यातील बाष्पकात भेद काय उरला? भेद उरला तो इतकाच की, कारखान्यातील बाष्पकावर कायद्याची नजर आहे आणि न्हाणीघरातील बाष्पकावर कोणाचीच नाही. तेथे घरमालक हाच निरीक्षक. त्याने आपली नेमणूक झाली आहे, हेच अद्याप ओळखलेले नाही.

यात दोष कोणा एकाचा नाही. गिझर आयएसआय चिन्हाविना विकता येत नाही, हे बंधन आहे आणि टाकी, विजेची जोडणी, सुरक्षेची साधने यांबाबत भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू बहुधा निर्दोष असते. घोटाळा होतो तो दुकानाच्या पायरीपासून न्हाणीघराच्या भिंतीपर्यंतच्या प्रवासात. खोक्यातील झडप कधी खोक्यातच राहते, कधी 'हिची गरज नसते' म्हणून खिशात जाते. सोबत माहितीची पुस्तिका असते. पण ती बहुशः इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेली आणि बसविणाऱ्याच्या हाती न पडणारी. प्लंबरला दोष देणे सोपे आहे. पण त्याला कोणी शिकविले? आपण त्याला बोलावतो तेव्हा 'गिझर सुरक्षित करून दे' असे सांगत नाही, 'हे ठिबकणे बंद कर' असे सांगतो. तो बिचारा सांगितलेले काम करतो. बालाघाटच्या त्या प्लंबरने फसवणूक केली नव्हती. त्याला जे मागितले गेले तेच त्याने दिले होते.

म्हणून घराघरांतील वाचकांना आमचे काही सांगणे आहे. ते आम्ही जाणत्या तंत्रज्ञांकडून समजून घेऊनच येथे मांडीत आहोत. प्रथम, आपल्या गिझरच्या थंड पाण्याच्या नळीवर ती झडप आहे की नाही, हे आजच पाहावे. नसेल तर गिझरवर लिहिलेल्या दाबाशी जुळणारी झडप जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी. झडप आणि टाकी यांच्यामध्ये कसलाही कॉक असता कामा नये, कारण मधला कॉक बंद झाला की झडप असून नसल्यासारखी होते. झडपेच्या तोंडाला उतरती नळी जोडून ती मोरीकडे सोडावी, म्हणजे भिंतही भिजणार नाही आणि गरम पाणी कोणाच्या अंगावर येणार नाही. मात्र त्या नळीचे टोक सदैव उघडे असावे. त्याला तोटी नको, बूच नको. भिंतीच्या ओलीवर उपाय डट्ट्या हा नव्हे, ही नळी हा आहे.

झडपेला एक छोटा खटका असतो. वर्षातून दोन-तीन वेळा, गिझर बंद आणि पाणी थंड असताना, तो उचलून पाहावा. पाणी आले आणि खटका सोडताच थांबले, तर झडप चालू आहे. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या घरांत तर ही तपासणी चुकवूच नये. तेथे क्षारांची खर झडपेत साचून ती दगडासारखी घट्ट बसते आणि ऐन वेळी उघडत नाही. वर्षानुवर्षे न हलविलेली झडप उचलली की कधी कधी ती नीट बसत नाही आणि गळतच राहते. तसे झाले तर ती बदलावी. किंमत गिझरच्या मानाने अगदीच किरकोळ असते. पाणी तापत असतानाच थेंब येतात, तर ते योग्य आहे. गिझर बंद असतानाही धार लागलेली असेल, तर झडपेत कचरा अडकला आहे, ती झिजली आहे किंवा नळाचा दाब फार आहे. कारण शोधावे, तोंड बंद करू नये.

कट-आउट वारंवार वीज तोडत असेल तर तो काढू नये, थर्मोस्टॅट तपासावा. पाणी पन्नास-साठ अंशांपलीकडे तापवून काही मिळत नाही. उलट वीज जाते आणि मुलाबाळांचे अंग भाजते. टाकीतून गुरगुर, ठोके किंवा नळातून वाफ आली, तर तोटीला किंवा झडपेला हात न लावता मेन स्विच बंद करावा, सर्वांना त्या खोलीतून दूर न्यावे आणि टाकी पुरती थंड होईपर्यंत तिकडे फिरकू नये. आम्ही त्या दिवशी प्रथम तोटी सोडली. ती आमचीही चूकच होती, हे येथे कबूल केले पाहिजे. आणखी एक खुलासा. गॅसचा गिझर हा निराळा विषय. त्याचा मुख्य धोका कोंडलेल्या खोलीतील विषारी वायूचा आणि त्याचा उपाय खेळती हवा. एकाची काळजी घेतली म्हणजे दुसऱ्याची घेतली, असे होत नाही.

गोमंतकापुरता हा प्रश्न केवळ घरांचा नाही. आमच्या किनाऱ्यावर लहानमोठी हॉटेले आहेत, घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे आहेत, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत, मंदिरांच्या अग्रशाळा आहेत. एका छपराखाली दहा-वीस गिझर आणि अंघोळ करणारा रोज नवा माणूस, ज्याला त्या टाकीचा आवाज नेहमीचा की वेगळा हे कळण्याची सोय नाही. आपल्या घरी गुरगुर ऐकून आपण चमकू. परक्या खोलीतला पाहुणा ती ऐकून पाणी तापत आहे असेच समजेल. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाने त्याच्या डोक्यावर काय टांगले आहे, हे वर्षातून एकदा पाहावे, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

सरकारकडून आम्ही नव्या निरीक्षकांची फौज मागत नाही. पणजीत आल्तिनोवर कारखाने व बाष्पके यांचे निरीक्षणालय आहे. त्याने आपल्या ज्ञानाचे चार कण घरोघरी पोहोचवावेत. मराठीत आणि कोंकणीत, ठसठशीत अक्षरांत, एका पानाचे सचित्र पत्रक काढावे आणि ते वीज बिलासोबत घरी यावे. गिझर विकणाऱ्या दुकानदाराने झडप बसविल्याची नोंद वॉरंटीच्या कार्डावर करूनच बसविणाऱ्याची सही घ्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्लंबरच्या अभ्यासक्रमात या झडपेचा धडा हाताने करून शिकवावा. हॉटेले आणि वसतिगृहे यांच्या परवान्याचे नूतनीकरण होते तेव्हा गिझरांच्या तपासणीचा एक दाखला मागावा. गृहनिर्माण संस्थांनी गच्चीवरची टाकी धुण्याचा दिवस ठरविलेला असतोच. त्याच दिवशी प्रत्येक घरातील झडपेचा खटका उचलून पाहण्याची प्रथा पाडावी. यांपैकी कशालाही तिजोरी रिकामी करावी लागत नाही. लागते ती थोडी आच.

बालाघाटहून निघताना आमचे स्नेही आम्हांस गाडीपर्यंत पोहोचवावयास आले होते. गिझरला नवी झडप, नवा थर्मोस्टॅट आणि कट-आउट बसला होता. झडपेची नळी मोरीत सोडली होती. तरी ते गप्प गप्पच होते. गाडीची घंटा झाली तेव्हा म्हणाले, ''तीस वर्षं खाणीत गेलो. रोज खाली उतरलो की आधी सळईनं छत ठोकून बघायचं, आवाज बद्द आला की तिथं उभं राहायचं नाही. ते कधी चुकवलं नाही. आणि घरी, पोरं ज्याच्या खाली अंघोळ करतात, ते एकदाही ठोकून बघितलं नाही हो!''

आपणा सर्वांचेच हे आहे. जेथे धोका आहे असे सांगितलेले असते, तेथे आपण सावध असतो. जेथे घर आहे, तेथे निर्धास्त असतो. आज सायंकाळी घरी परतल्यावर प्रत्येक वाचकाने न्हाणीघरात जाऊन एकदा मान वर करून पाहावे. झडपेचे तोंड बंद असेल, तर तो डट्ट्या जाणत्या माणसाकडून काढून घ्यावा, आणि तोवर गिझर लावू नये.